थोरलीची शाळा आणि धाकट्याची झोप

रात्रीचे दहा वाजून गेले होते. थोरली बेडरूममधल्या गादीवर नुकतीच झोपली होती, तिचे दप्तर दाराशी भरून ठेवलेले होते आणि पाळण्यात सात महिन्यांचा धाकटा कुरकुरू लागला होता. कुरकुर वाढून रडणे सुरू होण्याच्या आत मी त्याला उचलून हॉलमध्ये आणले, कारण थोरलीची सकाळी शाळा होती. हॉलमध्ये ट्यूबलाइट लख्ख पेटलेली, उशिराच्या लोकलने ठाण्याला उतरलेले तिचे बाबा ताटावर बसलेले, टीव्हीवर बातम्या चाललेल्या. धाकट्याने माझ्या खांद्यावरून हा सगळा थाट डोळे विस्फारून पाहिला आणि तो खुदकन हसला. त्याला पुन्हा झोप लागायला पाऊण तास गेला आणि पुढे साडेबाराला, अडीचला, चारला हेच घडले. जवळजवळ दोन महिने आम्ही असे काढले आणि त्या काळात आमची अशी पक्की समजूत होती की आपण थोरलीची झोप सांभाळतो आहोत.

बाळाला झोपेचे वळण लावणे म्हणजे त्याला रडत सोडून देणे, असा अर्थ आपल्याकडे सर्रास घेतला जातो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बराच मर्यादित आहे: बाळ जागे असताना त्याला अंथरुणावर ठेवावे आणि झोपेत शिरण्याचे शेवटचे पाऊल त्याचे त्याला टाकू द्यावे. या विषयावरचा बहुतेक सल्ला पहिलटकरणीला उद्देशून असतो आणि बाळाला स्वतंत्र खोली आहे, घरात दुसरे मूल नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. वर्तकनगरच्या जुन्या इमारतीत किंवा नेरूळच्या सिडकोच्या घरात एका खोलीत चार माणसे झोपतात, तिथे हा सल्ला जसाच्या तसा उतरत नाही. २०१० मध्ये १७ देशांतील तीन वर्षांखालच्या २९,२८७ मुलांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. आशियाई देशांतील मुले पाश्चात्त्य मुलांपेक्षा उशिरा झोपतात, एकूण कमी झोपतात आणि बहुधा आईवडिलांच्याच खोलीत झोपतात, असे त्यात दिसले. म्हणजे आपली अडचण जगावेगळी नाही. तिच्यासाठी लिहिलेला सल्ला मात्र कमी आहे.

आधी बाळाच्या झोपेची घडण पाहू. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही, कारण शरीरातले चोवीस तासांचे घड्याळ जन्मतः चालू झालेले नसते. झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची रात्रीची लय साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बसू लागते. त्याआधी वळण लावायला जाणे व्यर्थ आहे. चार ते सहा महिन्यांच्या पुढे ते शक्य होते. दुसरी गोष्ट अशी की झोप ही सलग नसते. ती चक्रांनी बनलेली असते. मोठ्या माणसाचे एक चक्र सुमारे ९० मिनिटांचे, तर बाळाचे सुमारे ५० ते ६० मिनिटांचे असते आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी झोप पातळ होऊन क्षणभर जाग येते. ती आपल्यालाही येते. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी त्यातले काही आठवत नाही. खांद्यावर झोपलेल्या बाळाला मात्र या क्षणी खांदा सापडत नाही. झोपताना अंगाई, थोपटणे आणि आईचा वास होता, डोळे उघडले तर वर नुसता पंखा फिरतो आहे. आपण हॉलमधल्या दिवाणावर झोपलो आणि मध्यरात्री जिन्यात जाग आली तर आपणही ओरडूच. म्हणूनच सगळा भर रात्रीच्या पहिल्या झोपेवर असतो: बाळ पाळण्यात जागेपणी गेले आणि तिथेच झोपले, तर रात्री मध्येच जाग आली तरी त्याला काही हरवल्यासारखे वाटत नाही.

आता थोरल्या भावंडाकडे येऊ, कारण माझ्या मते मोठी मुले असलेल्या घरात वळण फसण्याचे मुख्य कारण बाळात नसून आपल्या धास्तीत असते. ‘ती उठेल’ या भीतीने आपण बाळाला कधी अर्ध्या मिनिटात उचलतो, कधी थोरली आजीकडे गेलेली असल्यामुळे दहा मिनिटे थांबतो, कधी रविवार म्हणून पंधरा मिनिटे थांबतो. बाळाच्या दृष्टीने यातून एकच धडा निघतो की रडत राहिले की कधी ना कधी उचलतात. मानसशास्त्राचा हा जुना सिद्धान्त आहे: अधूनमधून फळ मिळणारी सवय ही दर वेळी फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते. रोज हमखास उचलणारी आई आणि ठरवून न उचलणारी आई या दोघींपेक्षा धास्तावलेली आई बाळाला अधिक रडवते, हे ऐकायला कठोर वाटेल, पण आमच्या घरी तसेच झाले होते.

आणि ही धास्ती बरीचशी अस्थानी असते. मुलांची सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात येते आणि ती मोठ्यांच्या झोपेपेक्षा कितीतरी खोल असते. मेलबर्नमध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या एका प्रयोगात बहुतेक मुले घरातला धुराचा अलार्म वाजूनही उठली नव्हती. आगीच्या दृष्टीने ही चिंतेची बाब आहे, पण पाळण्यातल्या बाळाची आई त्यातून थोडा धीर घेऊ शकते. साडेनऊला झोपलेली सात वर्षांची मुलगी साडेदहाच्या रडण्याने सहसा उठत नाही. उठलीच तर कूस बदलून पुन्हा झोपते. खरा धोका पहाटेचा असतो. चार-साडेचारनंतर गाढ झोपेचा कोटा संपलेला असतो, दोघांचीही झोप पातळ असते आणि त्या वेळी एकाने दुसऱ्याला उठवणे सहज घडते. म्हणजे आपण रात्री दहाला जो बंदोबस्त करतो, त्याची गरज पहाटे पाचला असते.

तेव्हा सुरुवात थोरल्यापासून करावी. पहिले काम त्याची झोपेची वेळ पक्की करण्याचे. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार चार महिने ते एक वर्ष या वयात दिवसाच्या झोपेसह १२ ते १६ तास, तीन ते पाच वर्षांना १० ते १३ आणि सहा ते बारा वर्षांना ९ ते १२ तास झोप लागते. आपल्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तेव्हापासून अनेक घरांना सकाळचा तासभर मिळाला आहे. आमच्या थोरलीची बस सव्वाआठला येते, ती सातला उठते, म्हणजे साडेनऊला झोपली तरी तिला साडेनऊ तास मिळतात. पाचवीच्या पुढच्या आणि सकाळच्या सत्रातल्या मुलांचे गणित अर्थातच वेगळे असेल आणि त्यांना आणखी लवकर झोपवावे लागेल.

दुसरे काम दिव्यांचे. कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर प्रकाशात बसवले, तेव्हा त्यांच्या शरीरातील मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी घटले. मुले दहाच होती, त्यामुळे नेमक्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये, तरी लहान मुलांचे डोळे उजेडाला किती हळवे असतात ते यातून कळते. हॉलमधली ट्यूबलाइट आठला बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावणे हा घरातला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो दोन्ही मुलांवर एकाच वेळी चालतो. बाबांचे जेवण त्या उजेडात होऊ शकते. बातम्यांनाही काही होत नाही, त्या दुसऱ्या दिवशी साधारण त्याच असतात.

तिसरे काम सांगण्याचे. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला काय होणार आहे ते दिवसाउजेडी, शांतपणे सांगावे: “बाळाला अजून एकटे झोपता येत नाही, ते शिकते आहे, थोडे रडेल, आई जवळच असेल.” न सांगता सुरुवात केली तर थोरले मूल घाबरते, कारण बाळ रडते आहे आणि आई गप्प बसली आहे, याचा त्याला लागणारा अर्थ फार भयंकर असू शकतो. आमच्या थोरलीने विचारले, “मी रडले तरी तू येणार नाहीस?” त्याचे उत्तर त्या आठवड्यात मला तीनदा द्यावे लागले. तिला एक ठरलेले कामही दिले: संध्याकाळी बाळाचे दुपटे घडी करून पाळण्याबाहेर, खुर्चीवर ठेवायचे आणि ‘झोप आता’ म्हणून दिवा मालवायचा. काम आतले द्यायचे नाही, म्हणजे पाळण्यात काही ठेवणे, बाळाला उचलणे किंवा जोरात झोका देणे हे तिच्याकडे नाही.

दोघांना झोपवण्याचा क्रम वयावर ठरतो. थोरले मूल शाळकरी असेल तर बाळाला आधी, साडेसात-आठला झोपवावे आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास फक्त थोरल्याचा ठेवावा. त्या अर्ध्या तासामुळे रुसवेफुगवे बरेच कमी होतात. थोरले मूल दोन-अडीच वर्षांचे असेल तर मात्र हा क्रम टिकत नाही, कारण त्याला हॉलमध्ये एकटे बसवता येत नाही आणि त्याला समजावूनही फारसे कळत नाही. तिथे दोघांना एकदमच अंथरुणावर न्यावे. आई मध्ये, एका बाजूला पाळणा, दुसऱ्या बाजूला थोरल्याची गादी. या वयाचे मूल बाळाच्या वळणाच्या दिवसांत स्वतःही मागे जाते, पुन्हा बाटली मागते, पुन्हा कडेवर झोपायचे म्हणते. त्याच वेळी त्याची दुपारची झोप बंद करणे, शी-शूचे शिक्षण सुरू करणे किंवा त्याला नव्या पलंगावर हलवणे टाळावे.

पद्धतींबद्दल आता थोडक्यात सांगते. बोस्टनचे बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये मांडलेली पद्धत सर्वांना ऐकून माहीत आहे: बाळाला जागे असतानाच अंथरुणावर ठेवून खोलीबाहेर जायचे आणि ठरलेल्या, वाढत्या अंतराने आत येऊन धीर द्यायचा, त्यांच्या पुस्तकाच्या २००६ च्या सुधारित आवृत्तीनुसार पहिल्या रात्री ३, ५ आणि १० मिनिटांनी, दुसऱ्या रात्री ५, १० आणि १२ मिनिटांनी. ती चालते, पण थोरले मूल त्याच खोलीत असेल तर दर वेळी दार उघडणे, आत येणे, कुजबुजणे यानेच ते अधिक उठते. ही पद्धत घ्यायची तर थोरल्याला दहा-पंधरा दिवस हॉलमध्ये आजीजवळ किंवा बाबांजवळ झोपवावे. ही शिक्षा नाही हे त्याला नीट सांगावे आणि परत कधी यायचे तो दिवस कॅलेंडरवर खूण करून दाखवावा.

दुसरी पद्धत शेजारी बसण्याची आहे. बाळाला जागेपणी ठेवायचे आणि त्याच्याजवळ बसायचे, हवे तर छातीवर हात ठेवायचा, पण उचलायचे नाही. दोन-तीन रात्रींनी थोडे दूर सरकायचे. पुस्तकात याला खुर्ची लागते. आमच्या खोलीत खुर्चीला जागाच नाही, त्यामुळे मी गादीवर मांडी घालून बसत असे आणि दाराकडे सरकायचे एकूण अंतर पाच फूट होते. पहिल्या रात्री धाकटा पस्तीस मिनिटे रडला. माझा डावा हात पाळण्याच्या कठड्यातून आत होता, उजवा थोरलीच्या पाठीवर, आणि मुंग्या आल्या तरी तो काढायची सोय नव्हती. थोरली सहाव्या मिनिटाला झोपली. मी उगाच घड्याळ बघत बसले होते म्हणून हे आकडे आठवतात. एका खोलीच्या घराला हीच पद्धत सर्वांत मानवते असे मला वाटते, जरी तिला दोन-तीन आठवडे लागतात.

तिसरी पद्धत, झोपेची वेळ सरकवण्याची, आपल्याकडे विशेष उपयोगी आहे. बाळ खरोखर साडेदहालाच झोपत असेल तर त्याला आठला अंथरुणावर टाकून अडीच तास झगडण्यात अर्थ नाही. काही दिवस साडेदहालाच, पण पाळण्यात झोपवावे. झोप चांगलीच दाटून आलेली असल्याने विरोध कमी होतो. मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणत जावे.

रडण्याने बाळाच्या मनावर कायमचा ओरखडा उठतो का, हा प्रश्न प्रत्येक आईला पडतो. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये ६ ते १६ महिन्यांच्या ४३ बाळांवर झालेल्या अभ्यासात वाढत्या अंतराची पद्धत आणि वेळ सरकवण्याची पद्धत या दोन्हींमुळे बाळे लवकर झोपू लागली, ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल वाढल्याचे आढळले नाही आणि वर्षभरानंतर आईशी असलेल्या ओढीतही फरक दिसला नाही. मेलबर्नच्या एका मोठ्या अभ्यासात सात महिन्यांच्या वयात झोपेच्या तक्रारी असलेल्या मुलांचा सहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आले की वळण लावलेल्या मुलांना अपाय झालेला नव्हता. तसाच दूरगामी फायदाही दिसत नव्हता. मला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. वळण लावल्याने मूल हुशार होत नाही आणि न लावल्याने ते बिघडत नाही. घर झोपते, एवढाच हिशेब आहे. ज्या घराला रात्री दोनदा उठणे जड जात नाही, त्याने काही करण्याची गरज नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र अभ्यास सांगून उपयोग नसतो. सासूबाई पहिल्या रात्री दारात येऊन उभ्या राहिल्या. “अगं, रडवू नकोस गं त्याला, बेंबी येईल.” रडल्याने बेंबी येत नाही; नाळेच्या जागेचा स्नायू पुरता मिटलेला नसतो म्हणून ती येते आणि रडताना पोटावर जोर पडल्यामुळे अधिक फुगलेली दिसते. हे मी त्यांना त्या रात्री सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे लसीच्या वेळी त्यांनाच बरोबर नेले आणि त्यांनी स्वतः विचारले. घरातल्या एकानेही मध्यरात्री बाळाला उचलून फेऱ्या मारल्या तर पुन्हा तोच अधूनमधून फळ मिळण्याचा प्रकार होतो, त्यामुळे आजी-आजोबांचे मन वळवणे हा वळणाचाच भाग आहे.

सुरक्षिततेत तडजोड नको. बाळाला पाठीवर, कडक व सपाट गादीवर झोपवावे आणि पहिल्या वर्षात पाळण्यात उशी, सैल पांघरूण, खेळणी काही नसावे. डोक्याला गोल आकार यावा म्हणून बाळंतविड्यात येणारी मोहरीची उशी यातच मोडते. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून रात्रभरासाठी झोळी नको. बाळाने निदान सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावे, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०२२ ची शिफारस आहे; आणि थोरले भावंड कितीही गोड हट्ट करो, त्याला तान्ह्या बाळाच्या अंथरुणावर झोपवू नये. झोपेतल्या पाच वर्षांच्या मुलाचा हात किती जड असतो ते कुशीत घेऊन झोपणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

पहाटे लवकर जाग येऊ नये यासाठी दोन-तीन गोष्टी उपयोगी पडल्या. खिडकीला जाड पडदा. पंख्याचा एकसुरी आवाज, जो कुकरच्या शिट्टीवर आणि लिफ्टच्या दारावर पांघरूण घालतो. यासाठी आवाजाची यंत्रेही मिळतात, पण २०१४ मध्ये तपासलेल्या अशा १४ यंत्रांपैकी काहींचा आवाज पूर्ण वाढवल्यावर, अगदी जवळून मोजला असता, ८५ डेसिबलच्या वर गेला होता, तेव्हा ते वापरायचेच असेल तर पाळण्यापासून दोन मीटर लांब आणि बारीक ठेवावे. आणि डब्याच्या चटणीसाठी मिक्सर आदल्या रात्रीच फिरवून ठेवावा. साडेपाचचा मिक्सर आमच्याकडे महिनाभर धाकट्याचा गजर होता आणि आम्ही दोष दात येण्याला देत होतो.

दिवसाची झोप मोठ्या भावंडाच्या वेळापत्रकाखाली चेंगरते, याला पूर्ण उपाय नाही. शाळेची बस तीनला गेटवर येते आणि नेमकी तीच बाळाची दुपारची झोप असते. सात-आठ महिन्यांचे बाळ साधारण दोनदा झोपते. त्यातली सकाळची, थोरली शाळेत असतानाची झोप पाळण्यात आणि शांततेत व्हावी, दुपारची खांद्यावर झाली तरी चालेल. वळण लागते ते मुख्यतः रात्रीच्या झोपेमुळे. शक्य असेल तर इमारतीतल्या दुसऱ्या आईशी बसवर जाण्याची पाळी ठरवावी.

रात्रीचे दूध हा वेगळा विषय आहे आणि त्याची वळणाशी गल्लत करू नये. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि त्यानंतरही काही बाळांना रात्री एकदा भूक लागते. वजन नीट वाढत नसेल, बाळ वेळेआधी जन्मले असेल, दूध वर येत असेल, ताप किंवा सर्दी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. लसीचा आठवडाही टाळावा. सुधारणा झाल्यावर काही रात्रींनी कधी कधी अचानक पहिल्यापेक्षा जास्त रडण्याची एक उसळी येते. बरीच घरे इथेच हार मानतात, पण ती एक-दोन रात्रींत ओसरते.

सुरुवात कधी करावी, तर थोरल्याच्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी शाळा नसली की आपली निम्मी धास्ती आपोआप जाते. मे महिन्यात गावी जायचे असेल तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात मात्र करू नये, कारण आजोळी बाळ सगळ्यांच्या मांडीवर झोपते आणि ते तसेच असावे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरू केले. बाराव्या रात्री मी दाराशी पोहोचले. पुढे डिसेंबरात धाकट्याला सर्दी झाली, आठवडाभर तो माझ्या खांद्यावरच झोपला आणि बरा झाल्यावर मला पुन्हा पाळण्याशेजारच्या जागेपासून बसावे लागले. या वेळी चार रात्री लागल्या. थोरली त्यातल्या एकाही रात्री उठली नाही.